काकू नाही, कोहळं पडलं होतं

यंदा भाद्रपदात हिंगणीत बातमी पसरली की बंडूजींची मनकर्णाबाई सेलूच्या रस्त्यावर चालत्या गाडीतून खाली पडली आणि गाडी तशीच पुढे निघून गेली. सांगणारे ‘निघून गेली’ म्हणताना हातसुद्धा लांबवर नेत. एकाही शहाण्याने विचारलं नाही, की बाई खाली पडली तर गाडी चालवत कोण होतं? त्या गाडीचं स्टिअरिंग तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातात गावाने कधी पाहिलेलं नाही.

पडलं ते कोहळं. मनकर्णाकाकू आमची शेजारीण. तिच्याकडे फियाट आहे, माझ्या आईच्या लग्नाच्याही आधीची. मागची सीट काढून काकू तीत वांगी, पालक, मेथी भरते आणि बाजाराला नेते. त्या दिवशीचं कोहळं मोठं होतं, म्हणून खरचटू नये यासाठी तिने ते आपल्या जुन्या हिरव्या लुगड्यात बांधलं. ड्रायव्हरच्या मागचा तळाचा पत्रा जंगाने खाल्लेला. गाडी खड्ड्यात आदळली, आणि पत्र्याचा तुकडा नि त्यावरचं कोहळं एकदमच डांबरावर गेले. मागून मोटरसायकलवर झेरॉक्सवाला रुपेश येत होता. त्याला लुगडं लोळताना दिसलं. त्याने मोटरसायकल वळवली ती थेट गावातल्या चौकात. आता त्याच्याच आवाजात ऐका, नाकातून: “माया डोळ्यानं पाह्यलं, समजलं का. असी लोळत गेली बाई, समजलं का. मले त पाहवलंच नाई, समजलं का.”

काकू बाजार करून घरी आली तेव्हा अंगणात बाया जमलेल्या आणि बंडूजी पायरीवर डोकं धरून बसलेले. तिने सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि चौकात गेली. मी मागोमाग. असं ऐकायला मिळणार असेल तर मी जेवण सोडते.

“काऊन बे रुपेश, मीच पडली असं वाटलं ना तुले?”

“हाव काकू. अंदाज तसाच आला, समजलं का.”

“मंग उचलाले काऊन नाई थांबला?”

रुपेशने मोटरसायकलला किक मारली. चौकात जमलेले आधी हसत होते, आता एकेक जण चपला शोधू लागला. रस्त्यावर बाई पडलीय असं वाटूनही पाठ फिरवणाऱ्याचं दुकान दुसऱ्या दिवशी पहिल्यासारखं उघडलं, लोक तिथे झेरॉक्स काढायला गेले, आणि दोष कोणाचा ठरला? गाडीचा. आणि गाडी चालवणाऱ्या बाईचा. मला अजून आठवलं की कान तापतात.

बंडूजींनीही तेच केलं. ते मऊ बोलतात, त्यांचं बोलणं तुपात बुडवून काढल्यासारखं असतं. “दसरा झाला का भंगारवाला येते. सांगून देल्लं मी. माल टेम्पोवाला घेऊन जाईन. तू घरी राह्य, आराम कर.”

“आराम?” काकू किंचाळली. “अजी, बाजारात माया आवाजानं गिऱ्हाईक थांबते. तुमचा टेम्पोवाला काय हारन वाजवून मेथी इकन?”

खरी गोष्ट हीच होती. गाडी गेली की काकूचा बाजार जाणार. मग तिने वाफ्यात पाणी द्यायचं, जुड्या बांधायच्या आणि फाटकात उभं राहून टेम्पोचा धूर पाहायचा.

“दसऱ्याच्या आत गाडी धड केली त?”

बंडूजींनी विचार केला. “मागं मानूस बसवून सेलूले नेऊन आनजो. कोहळं नाई, मानूस. मंग पाहू.”

काकूचं माहेर वडनेरचं. लग्नाआधी ती भावाच्या दुकानात ग्रिल आणि गेटं जोडायची. त्याच भावाकडून वेल्डिंगचं छोटं मशीन आलं आणि अंगणात काम सुरू झालं. आमच्या भिंतीवर गावातले चारपाच सल्लागारही बसू लागले. बाईच्या हातात ग्राइंडर म्हणजे यांना फुकटचा तमाशा!

काकूने पेचकस टोचून पत्रा तपासायला सुरुवात केली. जिथे टोचावं तिथे तो आत जाई, आणि जंगाबरोबर पुट्टीची ढेकळं पडत. मागे एका पेंटरने भोकं पुट्टीने बुजवून वर रंग मारला होता. “याच्या तोंडात भरा पुट्टी!” काकू कडाडली. “जंगावर पावडर लावली का नवरी होते का वो? बसवलं मले त्यावर!” मी भिंतीवरून तेच शब्द तिच्याच सुरात परत केले, सल्लागार खिदळले.

मग तिने मागचा शेवटचा बारदाना सोलून काढला. खाली पत्र्यावर, जंगात, बारदान्याची वीण जशीच्या तशी उमटली होती. उभे धागे, आडवे धागे, सगळे. भाजी ताजी राहावी म्हणून इतकी वर्षं काकूच तिथे ओला बारदाना अंथरत होती.

ती त्या विणीवर बोट फिरवत बसली. मला नक्कल करायला काहीच मिळालं नाही.

“पेंटरले देल्लेल्या शिव्या वापस घेतल्या,” ती शेवटी म्हणाली. पेचकस परत हातात घेतला. “अर्ध्याच.”

कुजलेला पत्रा ती कापत गेली, चकचकीत लोखंड लागेपर्यंत. भोक एवढं झालं की गाडीखालून चालणारी कोंबडी वरून दिसे. आता एवढा पत्रा कुठून आणायचा? काकू घरात गेली आणि लोखंडी कपाटाचं दार घेऊन बाहेर आली.

बंडूजींचं तूप त्या दिवशी प्रथमच गोठलं. “आंदनाचं कपाट वो! तुया बापानं देल्लेलं!”

“माया बापानं देल्लं, माया गाडीले लागलं. तुमचं काय गेलं?”

कपाट आजही एका दाराचं आहे. दाराचा तुकडा भोकावर बसवून काकूने एक टाका इकडे, मग दुसरा पार तिकडे, असं जोडायला घेतलं. एकाच जागी तापला की पत्रा वाकतो. भिंतीवरून आवाज आला, “बाई, सरळ एका लाईनीत कर ना.” काकूने डोळ्यावरची काच वर केली. “या ना मंग तुमी खाली.” कोणी उतरलं नाही. शेवटी जंग लागू नये म्हणून वरून रेड ऑक्साईड, खालून डांबर. बारदाने चुलीत गेले आणि भाजीसाठी प्लॅस्टिकचे क्रेट आले.

“आता मागं रुपेशले बसवनार,” काकू म्हणाली. गावात वजनदार तोच.

“तो बसनारच नाई, काकू. लागली पैज!”

“जिंकली त तुले गाडी शिकवन. हारली त सेलूच्या बाजारात उभी राहून वरडजो, का काकू नाई, कोहळं पडलं होतं. तुयाच आवाजात, पिंकी. माया नाई, त्या झेरॉक्सवाल्याचा नाई.”

मी लगेच हो म्हणाले. स्टिअरिंग हातात आल्यासारखंच वाटत होतं. दसऱ्याचं मात्र मी ध्यानातच घेतलं नव्हतं. संध्याकाळी सोनं द्यायला सगळे घरोघर जातात, तसा रुपेशही काकूकडे आला. त्याने आपट्याची पानं हातावर ठेवली आणि पाया पडायला वाकला.

“घेतलं सोनं,” काकू म्हणाली. “आता गाडीत बस. सेलूपरेंत सीमोल्लंघन करून येऊ.”

वाकलेल्या माणसाला दसऱ्याच्या दिवशी नाही म्हणता येतं का? तो मागे क्रेट पालथा घालून बसला, मी पुढे. त्या खड्ड्यापाशी काकूने ब्रेकला पायसुद्धा लावला नाही. गाडी धाडकन आदळली. “हळू वो काकू! खाली माये पाय आहेत ना, समजलं का!” पाय होते तिथेच राहिले. परत आल्यावर बंडूजींनी बोटाने पत्रा ठोकून पाहिला आणि भंगारवाल्याला फोन केला, “येऊ नोको, भाऊ.”

पुढच्या बाजाराला मी सेलूला उभी राहिले. माझा स्वतःचा आवाज फारच बारीक निघाला. “काकू पडली नाई होऽ! कोहळं पडलं होतं!”

समोरच्या कांदेवाल्या म्हातारीने मान वर केली. “मंग कोहळ्याले लागलं का वो माय?”

“लागलं ना,” मागून तराजू सावरत काकू म्हणाली. “पन त्यालेबी कोनी उचललं नाई.”