उजव्या हातातल्या बांगड्या

निजामाच्या राज्यात मी औरंगाबादच्या एका दवाखान्यात, जनाना वॉर्डात नर्स होते. एके सकाळी जमीन हलली. आमच्याकडं कपाटातल्या बाटल्या वाजल्या, एवढंच. आम्ही थोडं हसलोसुद्धा. दुपारी फुलंब्रीकडून बैलगाड्या यायला लागल्या. तिकडं मातीची माळवदं माणसांच्या अंगावर बसली होती.

एका गाडीतून सासू आणि सून उतरल्या. सासूला खरचटलंही नव्हतं. सुनेचा उजवा हात तुळईखाली सापडलेला. मनगट सुजून टम्म, आणि हिरव्या बांगड्या मांसात रुतलेल्या. बोटं निळी पडत चालली होती. डॉक्टरांनी हात पाहिला आणि मला म्हणाले, "बाई, पहले चूड्याँ तोडो. नहीं तो शाम तक हाथ जाता."

बांगड्या फोडायला मी चिमटा उचलला, तशी तिनं हात छातीशी धरला.

"हात लावू नका, बाई! मालक अजून मातीखाली हायेत. त्यांना काढायच्या आत माझ्या बांगड्या फोडता व्हय?"

"अगं, तो सुखरूप निघाला तर थोट्या हातानं भाकरी थापणार का त्याला?" माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. ती काही बधली नाही. आयानं आणि मी मिळून धरलं तर चावली, चांगलीच चावली. मला राग आला, आणि भीतीही वाटली, कारण बोटं आता काळपट दिसायला लागली होती.

सासू इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढं आली. विधवा बाई, दोन्ही हात मोकळे. मला वाटलं, झालं, आता ही आणखी घोळ घालणार. तिनं सुनेचं तोंड ओंजळीत धरलं.

"येडी का गं तू? काढलाय त्याला. पाय मोडलाय, मागच्या गाडीनं येतोय. त्योच म्हणला, आई, तिचा हात सांभाळ."

"खरंच?"

"माझ्या गळ्याची आण."

सुनेनं मुकाट्यानं हात पुढं केला. मी कापड टाकून एकेक बांगडी फोडली, काचा वेचल्या. डॉक्टरांनी हाड बसवून फळी बांधली. हळूहळू बोटांत रंग आला, ती हलवून बघायला लागली. मला लई बरं वाटलं. नवरा आला का, असं तिनं दोनदा विचारलं आणि तिचा डोळा लागला.

सासू व्हरांड्यात बसली होती. मी तिला पाणी दिलं. म्हटलं, "मावशी, पोराची खाट मी मर्दान्यात सांगून ठेवते. गाडी कधीपर्यंत येईल?"

तिनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

"गाडी नाय यायची, बाई. त्याच्या तोंडावरची माती मीच पुसली, मंग निघाले. ती उठली, दोन घास खाल्ले, की सांगते. तवर डाव्या हातातल्या राहू द्या."