अण्णांच्या बुलेटचा जेट

गाडी परत आली ती टेम्पोत आडवी पडून. नीट करून दिलेली गाडी आठवड्यात अशी परत आली की माझं डोकं फिरतं. टेम्पोतून गाडीचे मालक मारुतराव उतरले, त्यांच्यामागून मुलगा गजानन. गजाननचा चेहरा बघून मी आधी चहा सांगितला.

मारुतराव लोह्याचे. एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. ही जुनी बुलेट त्यांनी नोकरीत असताना घेतली. दरवर्षी बायकोला, गंगाबाईंना, मागं बसवून ते हिच्यावरूनच माहूरला रेणुकादेवीला जातात. गजानन लातूरला शिकवणीच्या पोरांसाठी मेस चालवतो. बुलेटचा सायलेन्सर गंजला म्हणून त्यानं वडिलांना नवा आणून दिला, आतून मोकळा, दणदणीत आवाजाचा. दुकानदारानं गळ घातली म्हणून मोकळा एअर फिल्टरही बसवला. हौस चांगली होती. पण तेव्हापासून गाडी तापायला लागली, चढाला दम सोडायला लागली आणि ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरातून फटाके फुटायला लागले.

यात गूढ काही नाही. कार्बोरेटरचं काम पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात मिसळायचं. पेट्रोल येतं जेटमधून. जेट म्हणजे पितळेचा छोटा स्क्रू, त्याला आरपार बारीक भोक. सायलेन्सर आणि फिल्टर मोकळे केले की इंजिन हवा जास्त ओढतं, पण भोक तेवढंच असल्यामुळे पेट्रोल तेवढंच येतं. मिश्रण पातळ झालं की इंजिन तापतं. तसंच दामटलं तर व्हॉल्व्ह जळतो, पिस्टनची वाट लागते. उपाय एकच, मोठ्या भोकाचा जेट.

पहिल्या वेळी आले तेव्हाच गजाननने मला स्पष्ट सांगितलं होतं की ही गाडी आता भरवशाची झाली नाही तर विकायची. आई-अण्णा माहूरच्या घाटात अडकले तर तो लातूरवरून काय करणार? त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तो फोनवर बोलायला बाहेर गेला तेव्हा मारुतराव मला हळूच म्हणाले, "गाडी गेली की मी खाटंला लागलो म्हनून समजा, मिस्त्री."

मी मन लावून काम केलं होतं. एकेक नंबर मोठा जेट टाकायचा, रस्त्यावर फुल ॲक्सिलरेटरवर पळवायची, तिथंच इंजिन बंद करून प्लग काढून बघायचा. प्लग पांढरा म्हणजे पेट्रोल कमी. काळा, काजळी धरलेला म्हणजे जास्त. आम्हाला हवा बिस्किटाच्या रंगाचा. तो रंग आला, फटाके थांबले, गाडी चढाला ओढायला लागली. मगच मी किल्ली मारुतरावांच्या हातात दिली.

आणि आता ती टेम्पोत. इंजिन तापून रस्त्यातच बंद पडली होती. नशीब, जाम झालं नव्हतं. मी प्लग काढला. पांढराफटक.

"तुमच्याच्यानं होत नसंल तं सांगा," गजानन म्हणाला. "अण्णांना मी उन्हात रस्त्यावर बसलेलं बघून आलो."

मला राग आला आणि लाजही वाटली. टाकीतलं पेट्रोल काढून बघितलं, स्वच्छ होतं. पेट्रोलचा कॉक मोकळा. कार्बोरेटर इंजिनाला जोडतो तिथून हवा आत शिरते का ते तपासलं, तिथंही काही नाही. जेट उघडायचं शेवटी मनात आलं, कारण तो मीच बसवला होता आणि माझ्या कामावर माझा भारी विश्वास.

जेट काढून उजेडासमोर धरला. भोकात केसाएवढी तांब्याची तार. दोन्ही टोकं व्यवस्थित वाकवलेली, निसटू नये म्हणून.

ही युक्ती मला चांगली ठाऊक आहे. वायरीतली एक तार काढून जेटमध्ये ओवली की भोक बारीक होतं, पेट्रोल कमी जातं, ॲव्हरेज वाढतो. आमच्या भागात जुन्या गाड्यांवर हे सर्रास चालायचं. जुन्या सायलेन्सरवर इंजिन ते कसंबसं सोसायचं. मोकळ्या सायलेन्सरवर ते मरायला टेकतं.

मधल्या दिवसांत गाडी कुणा दुसऱ्या मिस्त्रीला दाखवली का, असं मी विचारलं. गजानन नाही म्हणाला. मारुतराव चहाच्या ग्लासात बघत होते.

"मीच घातली," ते म्हणाले. "गाडी पेट्रोल लई पिऊन राहिली होती."

"मग पिऊ द्यायचं ना, अण्णा," गजानन म्हणाला.

"तू दर फोनला इचारतोस, ॲव्हरेज किती देऊन राहिली. कमी सांगितला असता तं इकून टाका म्हनला असतास."

टेम्पोवाला निघू का म्हणून विचारून गेला तरी गजाननचं लक्ष नव्हतं. मग म्हणाला, "मी असंच इचारतो, अण्णा. फोनवर तुमच्याशी दुसरं काय बोलावं ते सुचत न्हाई."

हातात पाना होता म्हणून बरं, मी उगीच एक नट आवळत बसलो.

तार फेकून दिली, जेट परत बसवला. इंजिन थंड झाल्यावर मारुतरावांना चालवायला सांगितलं. गजानन आपणहून मागं बसला. लोह्याच्या रस्त्यावर बऱ्याच लांब जाऊन दोघं परत आले. प्लग बिस्किटाच्या रंगाचा निघाला. तो मी आधी गजाननला दाखवला. विकायची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

त्या वर्षी गाडी मारुतराव आणि गंगाबाईंना घेऊन माहूरचा घाट चढली. गंगाबाईंची तक्रार फक्त आवाजाची होती, आणि त्याला जेट मिळत नाही.

मी मात्र तेव्हापासून एक पद्धत ठेवली आहे. मोठा जेट टाकला की किल्ली देण्याआधी घरातल्या सगळ्यांना समोर उभं करून सांगतो, गाडी आता जास्त पिणार, आणि त्यावरून कुणी कुणाला बोलायचं नाही.