गाळलेली ओळ दोरानं ओढली

नाव गोडेलीव्ह, पण बाईच्या जिभेवर गोड म्हणून काही नव्हतं. ब्रुज शहरातल्या आमच्या गल्लीत मी वासरांची कातडी ताणून पोथ्यांची पानं करायचो, आणि समोरच्या खिडकीत ती त्याच पानांवर चित्रं काढायची. नवरा प्लेगनं नेला. रंग कालवायच्या शिंपल्या तेवढ्या मागं राहिल्या. "मेला, पण कामाचं काहीतरी ठेवून गेला," म्हणायची.

देवाच्या पोथीच्या कडेला हिनं काय काढावं? भालेवाल्या गोगलगाईपुढं लोटांगण घालणारा शिलेदार. नाहीतर वैद्य झालेलं माकड, हातात मुताची बाटली.

त्या वर्षी मठाच्या थोरल्या बाईंची स्तोत्रांची पोथी हाती होती. तिच्यातल्या एका थोरल्या नक्षीदार अक्षरावर गोडेलीव्ह तीन आठवडे बसली. सोन्याचा वर्ख बसायला खालच्या लुकणाला, म्हणजे चिकट लेपाला, तोंडाची वाफ द्यावी लागते. कांदा नि खारवलेला हेरिंग मासा खाऊन ती वाफ सोडायची. "वासानंच चिकटतंय बघ!" इतकं देखणं अक्षर तिच्या हातून आजवर उतरलं नव्हतं.

पोथी द्यायच्या आदल्या दिवशी लेखनिक जोरिस धापा टाकत आला.

"गोडेलीव्ह, घात झाला! तुझ्या सोन्याच्या पानावर एक ओळच गाळलीय. दोन ओळींचा शेवटचा शब्द एकच. माझा डोळा वरच्यावरनं थेट खालच्यावर उडाला."

"डोळा उडाला का डुलकी लागली?"

"चेष्टा नको गं. पान काढून टाकू. मी नवं लिहितो."

"आणि माझं अक्षर?"

"दुसरं काढ की. साधं, लाल."

"तुझं डोस्कं रंगवते लाल! चूक तुझी नि फासावर माझं सोनं? ती ओळ खाली मोकळ्या जागेत लिही."

"थोरल्या बाई आंधळ्या हैत व्हय? अब्रू जाईल माझी."

"जाऊ दे. जुनीच हाय."

त्यानं ओळ खाली लिहिली. तो गेल्यावर गोडेलीव्हनं कुंचला घेतला. ओळीला चौकट घातली, चौकटीला दोर बांधला. समासात एक गडी चढवला. दात-ओठ खात तो दोर वर ओढतोय, विजार घसरून ढुंगण उघडं. ओळ जिथं हवी तिथं दुसरा बोट दाखवतोय. ओढणाऱ्याचं टक्कल आणि भलं थोरलं नाक हुबेहूब जोरिसचं.

दुसऱ्या दिवशी मठात थोरल्या बाईंनी नेमकं तेच पान उघडलं. जोरिस एकदा बाईंकडं बघायचा, एकदा दाराकडं.

बाई पानावर वाकल्या. मग अशा हसल्या, की डोईवरचं वस्त्र घसरलं.

"आई, पान बदलून देऊ का?" जोरिसनं थोरल्या बाईंना विचारलं.

"खबरदार! हे पान काढलंत तर पोथी तुमच्याकडंच ठेवा."

गोडेलीव्ह पुढं सरली. "आई, वर सोन्याचं अक्षर बी हाय."

"असेल गं," बाई मान वर न करता म्हणाल्या. "हा टकल्या कोण?"

जोरिस तेवढ्यात दाराबाहेर झाला होता. अक्षर बचावलं, पान बचावलं, पण गोडेलीव्ह घरी आली ती धुसफुसत. माझ्या दारातच उभी राहून म्हणाली, "तीन आठवडं मान मोडली रे मी, आणि नाव कुणाचं झालं? जोरिसच्या ढुंगणाचं!"