जामिनाचा शेवटचा हप्ता

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही वेडंवाकडं आहे. चौथीत शाळा सुटली, नंतर पेन धरायची वेळच आली नाही. कुणी हे वाचलंच तर सांभाळून घ्यावं. तोंडानं मला सांगता येत नाही.

मारामारीच्या केसमध्ये नवरा वर्षभर तुरुंगात होता. जामिनासाठी, वकिलासाठी मी बचत गटातून कर्ज काढलं आणि मजुरांच्या पिकअपमधून निफाडकडं द्राक्षबागेत घडांच्या विरळणीला जाऊन ते फेडू लागले. तुरुंगात मुलाखतीला गेले होते तेव्हा त्याच्या अंगावर पुरळ दिसलं. "ढेकूण चावलेत," म्हणाला. शेवटी जामीन मिळून सुटून आला तेव्हा सासूबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. "तिथलं सगळं तिथंच राहिलं," म्हणाल्या.

तिथं काही राहिलं नव्हतं. मला दिवस गेले, सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. सिस्टरनं पडद्यामागं नेऊन हळूच सांगितलं, "तुला गरमी झालीय, गुप्तरोग. तू इंजेक्शनं घे, नवऱ्यालाही घ्यायला लाव. नाहीतर परत तुला होईल आणि बाळाला लागेल. बाळ पोटातच दगावतं, बाई."

घरी सांगितलं तर नवरा हसला.

"मी वर्षभर भिंतीच्या आत. तिथं बाई डोळ्याला दिसत नाही. बाहेर कोण होतं? रोज पिकअपमध्ये कुणाच्या शेजारी बसून जायचीस?"

सगळ्या गल्लीचा हिशेब हाच. मी सिस्टरपाशी रडले. ती म्हणाली, "बायका नसतील, पुरुष असतात ना? पुरुषाकडून पुरुषालाही लागतं हे. कुणी राजीखुशीनं, कुणावर जबरदस्ती होते. घरी येऊन कोण सांगतंय?"

त्या दिवशी मला त्याची दया आली. त्याच्यावर काय गुदरलं हे विचारायचं धाडस झालं नाही. पण मग तो सासूबाईंसमोर परत पिकअपचं बोलला, आणि दया आटली.

मी माझी इंजेक्शनं घेतली आणि अंथरूण सासूबाईंच्या शेजारी टाकलं.

"महाराणी इकडं कुठं? माझा लेक एवढं भोगून आलाय!"

"नातवंड जिवंत पाहिजे ना आत्या? मग त्यांना दवाखान्यात न्या."

त्यांना उलट बोलायची माझी ही पहिलीच वेळ. दोन दिवसांनी त्या लेकाचं पांघरूण ओढून म्हणाल्या, "ऊठ. मारामारी करताना नाही भ्यालास, सुईला भितोस?"

तो गेला. सगळी इंजेक्शनं घेतली. सासूबाईंनी शेजारी सांगितलं, "सुनेपायी बिचाऱ्याला टोचून घ्यावं लागलं." तो तिथंच उभा होता, दात कोरत.

मुलगी झाली. तिचं रक्त तपासलं, चांगलं निघालं. सासूबाई म्हणाल्या, "एवढं करून पोरगीच." मला तिचं रडणं ऐकूनच पोट भरलं.

गटाच्या बायका वस्तीतल्या बुद्धविहारात बसतात. माझ्यासाठी त्यांनी चहाचा कप वेगळा केला होता. "नवरा आत, हिची मजा बाहेर," असं एक जण मला ऐकू जाईल असंच म्हणायची. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तू येऊ नकोस, हप्ता आम्हीच घरून नेऊ." तरी मी दर महिन्याला गेले, दारापाशी बसले, चहा घेतला नाही.

गेल्या महिन्यात मुलीला कडेवर घेऊन गेले. शेवटचे पैसे सतरंजीवर ठेवले. अध्यक्षबाईंनी दोनदा मोजले.

"फिटलं सगळं," म्हणाल्या.