चिमट्याचा लाल दोरा

चिमटा गेला तेव्हा भेटायला आलेला जो तो म्हणत होता, भला माणूस होता. भला नव्हता. तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ. गालिचे धुण्याच्या कारखान्यात आम्ही जन्मभर एका छपराखाली राबलो. मी मागच्या हौदावर, तो पुढच्या टेबलावर. मी त्याला कधी हाक मारली नाही. काम असलं तर ‘ओ’ म्हणायचो.

टेबलावरचं काम म्हणजे आलेला गालिचा ओळखायचा. ते तो चोख करायचा, हे मान्य. गिऱ्हाईक काय सांगतंय तिकडे त्याचं लक्षच नसायचं. आधी गालिचा उलटा. पाठीवर नक्षी जशीच्या तशी दिसली आणि गाठी जराशा वाकड्यातिकड्या असल्या की हातगाठीचा. पाठ एकसारखी आखीव, कडेच्या दशा वरून शिवलेल्या, की मशीनचा. पाठीला कापडाचं अस्तर असलं, की समजायचं वरची मऊ लव नुसती रबराच्या चिकाने चिकटवलेली. मग चिमट्याने एक धागा उपटून जाळायचा. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर. त्या चिमट्यावरूनच त्याला हे नाव पडलं.

शेवटी कोपऱ्याला दोरा. पांढरा म्हणजे हौदात बुडवा. लाल म्हणजे पाण्यात घालू नका. चिकटवलेला गालिचा बुडवला तर चीक सुटतो. अस्तर एकीकडे, लव एकीकडे. मालकाचा नियम सरळ होता. चुकीचा दोरा बांधेल तो टेबल सोडून हौदावर येईल.

हौदावर काय असतं ते मला विचारा. भिजलेला गालिचा उचलताना कंबर बोलते. दिवसभर पाण्यात उभं राहून लव घासायची, फळीने पाणी ओढायचं. पायाची नखं कुजतात. चिमट्याचे हात मात्र कायम कोरडे. वर सगळ्यांदेखत ओरडायचा, “अहो भाऊजी, घासताय की कुरवाळताय?”

आमच्या लग्नात त्याने बहिणीला गालिचा दिला. म्हणे हातगाठीचा, अस्सल लोकरीचा. स्वतः येऊन कडा खिळ्यांनी जमिनीला ठोकल्या. हलवला की गाठी सैल होतात, म्हणाला. कारखान्यात तर उठताबसता तेच. “माझ्या बहिणीच्या घरात हातगाठीचा आहे. दिला कुणी? मी. तुडवतं कोण? हे.”

काही वर्षांनी गालिच्याच्या कडेने पिवळट भुकटी पडायला लागली. बायको रोज झाडायची. चिमटा आला की आधी भुकटीकडे बघायचा, मग माझ्या पायांकडे.

“हौदावरची घाण घेऊन येतात तुझे हे. असल्या वस्तूवर असले पाय?”

बायकोने दाराशी बादली ठेवली. दिवसभर पाण्यात उभा राहिलेला मी घरी येऊन पुन्हा पाय धुवायचो. शंका मला होती. पण बायकोच्या माहेरची वस्तू. उचकटून बघितली असती तर घरात महिनाभर कुणी कुणाशी बोललं नसतं.

शेवटी बायकोच कंटाळली. एका सकाळी तिने पक्कड घेऊन खिळे उपटले. “एकदाचा धुऊन आणू. दादाच बघेल.” गुंडाळताना मला पाठीचं अस्तर दिसलं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. मीही बोललो नाही. मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

तिने गुंडाळी टेबलावर टाकली. हौदावरचे सगळे हात पुसत पुढे आले. ज्याच्याबद्दल इतकी वर्षं ऐकलं तो गालिचा कुणाला बघायचा नव्हता? मालकही आला.

“दादा, धुवायला टाक.”

“ठेव तिथं. नंतर बघतो.”

“नंतर का? लोकांचे लगेच बघतोस. बहिणीचाच जड झाला?”

“त्यात बघायचं काय?” मालक म्हणाला. “हातगाठीचा आहे ना? बांध पांढरा दोरा आणि दे हौदावर.”

पांढरा दोरा त्याच्या हातातच होता. बांधला असता तर त्या घटकेपुरती इज्जत वाचली असती. मग माझ्या हौदात गालिच्याच्या चिंध्या झाल्या असत्या आणि त्याचं टेबल गेलं असतं. त्याच्या कपाळावर घाम आला. बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्याने पांढरा दोरा खाली ठेवला. गालिचा उलटा केला, सगळ्यांना अस्तर दिसेल असा पूर्ण पसरून. एका कोपऱ्यात अस्तर उसवलं, बोटाने आतली भुकटी काढली आणि बहिणीसमोर धरली.

“चिकटवलेला आहे. चीक वाळून गळतोय. ही भुकटी त्याची.”

“म्हणजे यांच्या पायांची नाही?”

“नाही.”

“हातगाठीचा म्हणून दिलास ना?”

“घेतला तेव्हा उलटून बघायची अक्कल नव्हती.”

“आणि अक्कल आल्यावर?”

“सांगायला तोंड नव्हतं.”

“यांच्या पायांवर बोलायला बरं होतं!”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. चिमट्याने लाल दोरा बांधला, गाठ करकचून आवळली आणि गालिचा माझ्या अंगावर ढकलला.

“कोरडा साफ करा. फडकं घट्ट पिळून घ्या. आणि भाऊजी, याला कुरवाळलंत तरी चालेल.”

एवढंच. पायांबद्दल मला एक शब्द नाही.

साफ मीच केला, गुडघ्यांवर बसून. बायकोने तो पुन्हा अंथरला, पण लाल दोरा काढला नाही. भाऊ आला की ती त्याला बरोबर त्याच कोपऱ्यापाशी बसवायची. तो चहा घाईघाईने संपवून उठायचा. टेबल मात्र त्याच्याकडेच राहिलं, अगदी शेवटपर्यंत. मालक लोकांना सांगायचा, याने सख्ख्या बहिणीला लाल दोरा बांधलाय, याच्यावर शंका घेऊ नका. घेऊ नका ना. पण म्हणून भला कसा?

कारखाना सुटला, बादली अजून दाराशी आहे. पाय धुतल्याशिवाय मला आत येववत नाही. दर वेळी पाणी ओततो आणि चिमट्याला एक शिवी हासडतो.

“आता तरी सोडा त्याला,” तो गेल्यावर एकदा बायको आतून म्हणाली.

तेव्हापासून शिवी हळू आवाजात देतो.