करपलेलं खोबरेल
खोबरेल करपल्याचा वास आला की मला पुतणीचा साखरपुडा आठवतो. तिचे कुरळे केस सरळ करायला पिरंगुटहून पार्लरवाली स्ट्रेटनर घेऊन आली होती. ते जुनं मशीन पाहूनच मला संशय आला होता, त्यामुळे पहिल्याच बटेतून धूर निघाला तसा मी तिचा हात धरला. "पोरीचं डोकं जाळतीस व्हय गं?" तिनं शांतपणे स्ट्रेटनर बाजूला ठेवला. "काकू, हिच्या केसांना तेल हाय. तेलकट नाहीतर ओल्या केसांवर हे फिरवायचंच न्हाई." पुतणीनं आईकडे, म्हणजे माझ्या जावेकडे पाहिलं. "चारच थेंब चोळले," जाऊ पुटपुटली, "कोरड्या डोक्यानं पाहुण्यांपुढं जायची का?" पाहुणे कासार आंबोलीपर्यंत पोचले होते. पोरगी घाईनं न्हाली आणि ओल्या, कुरळ्या केसांनीच पाटावर बसली. आजही घरात कुणी स्ट्रेटनर तापवायला लावला, की मी आधी जावेचे हात हुंगते.