आत्याचा हात आणि आमदारांची भेट

गाव नांदेड जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही. आत्याला तिथंच राहायचंय. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म घालवलेली माझी आत्या घरासमोरच्या उघड्या नालीत पडली आणि तिचा उजवा हात मोडला. मी लातूरहून पोचलो, नांदेडला नेऊन प्लास्टर घातलं. घरी येऊन ती जरा आडवी होते न होते, तोच मोबाईलवर बातम्यांचं चॅनल चालवणारा गावातला पत्रकार चपला घालूनच थेट खाटेपाशी आला.

"आजी, कसं वाटून राहिलं?" त्यानं माइक पुढं केला.

"हात मोडलाय. तुला कसं वाटलं असतं?"

ती केस बांधायला धडपडत होती. मी मध्ये पडेपर्यंत त्याचं काम झालं होतं. संध्याकाळी गावभर बातमी फिरली : 'आजींचा आमदारांना संतप्त सवाल!' आत्यानं आमदारांचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

नालीसाठी गल्लीनं कितीदा अर्ज दिले, कोणी फिरकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आमदार स्वतः हजर! फळांची पाटी, मागं पाचपंचवीस कार्यकर्ते. आत आल्याबरोबर त्यांनी आधी पत्रकाराला विचारलं, "चहा घेतला ना?" मग पत्रकार सांगेल तसं ते वागू लागले.

"साहेब, जरा वाका. पाया पडताना तोंड इकडं. न्हाई जमलं, पुन्हा एकदा."

ज्यांच्यापुढं तहसीलदार उभे राहतात, ते दुसऱ्यांदा आत्याच्या पाया पडले. मला हसू आवरेना.

तिसऱ्यांदा वाकायला लागले तेव्हा आत्या म्हणाली, "समदे बाहेर व्हा. साहेबांशी बोलायचंय."

दार लागलं. आत मी तेवढा उरलो. आमदार खुर्चीत बसले, घाम पुसला.

"मावशी, खरं सांगू? विरोधकांचं मला काही वाटत न्हाई. पण सकाळी उठलो की हा पत्रकार मोबाईलवर काय टाकतो, त्याची लई धास्ती."

"दवाखान्यात सुईला भिणारे लई पाहिले मी," आत्या म्हणाली. "सुईपेक्षा भीतीच जास्त टोचते. नाली झाका, तो काय टाकणार?"

आमदार मोकळेपणानं हसले. जाताना कॅमेऱ्याची वाट न बघता त्यांनी तिच्या प्लास्टरवर हात ठेवला. मला ते आवडलं.

आठवडाभरात नालीवर फरशा पडल्या. 'आमच्या बातमीचा दणका', चॅनलनं लगेच जाहीर केलं. फरशा आमच्याच गल्लीपुरत्या होत्या. मागच्या गल्लीतली नाली उघडीच. तिथल्या बाया आत्याकडं आल्या. तिनं आमदारांच्या माणसाला दोनदा फोन लावला, कोणी उचलला नाही.

मग तिनं डाव्या हातानं पत्रकाराला फोन केला. म्हणाली, "ये बाबा. पण आधी त्या बायांना विचार, त्यांना कॅमेऱ्यात दिसायचंय का."